पुसले गेलेले अनुस्वार

आजोबांनी १९५५ साली छापून घेतलेली गुऱ्हाळाच्या कामाची ९४ पानी पुस्तिका नव्याने टंकित करण्याचा कंटाळा आल्यामुळे मी ओसीआरचा, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याचा मार्ग धरला. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेले आणि २००५ पासून सर्वांना मुक्तपणे वापरता येणारे टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर संगणकावर बसवायला अर्धा तासही लागला नाही. मराठीची डेटा फाइल मात्र आठवणीने घ्यावी. घाईत मी हिंदीची लावली आणि गुळातला ‘ळ’ पानोपानी बिघडला.

खरा खोळंबा झाला तो कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या, जिथे पाने स्कॅन करून घेतली त्या झेरॉक्सच्या दुकानामुळे. पहिल्या काही पानांत ‘नाहीं’चे ‘नाही’ आणि ‘केलें’चे ‘केले’ झालेले दिसले, तेव्हा यंत्राने आपणहून नवे शुद्धलेखन लावले अशा भ्रमात मी होतो आणि, खोटे कशाला बोलू, खूशही झालो होतो. पुढे ‘गुळाचा रग’ आला, ‘भेडीचा रस’ आला आणि उसाच्या कांडीची काडी झाली. ‘रग’ आणि ‘काडी’ हे दोन्ही मराठी शब्दच असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाने त्यांना हरकत घेतली नाही. आठवडाभर मी टेसरॅक्टलाच दोष देत राहिलो. अखेर स्कॅनचे पान पडद्यावर मोठे करून मूळ पानाशेजारी धरले, तेव्हा कळले की अनुस्वार स्कॅनमध्येच नव्हते.

दुकानदाराचे म्हणणे एकच होते: “काका, किती स्वच्छ आलंय बघा की!” तीन खेपा झाल्या, दोनदा पुन्हा पैसे मोजले, तरी फाइल तशीच मिळाली. चौथ्या खेपेस कामावरच्या मुलाने मला सेटिंग पाहू दिले. स्कॅन कृष्णधवल होते, २०० डीपीआयवर (दर इंचाला २०० ठिपके) होते आणि कागदावरचे ठिपके पुसणारी सोय चालू होती. जुन्या कागदावरचे डाग आणि छापखान्याच्या खिळ्यांनी उमटवलेले बारीक अनुस्वार यांत त्या यंत्राला फरक कळत नव्हता. ती सोय बंद करून, ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसह, ३०० डीपीआयवर पाने घेतली आणि ‘रंग’ परतला. म्हणून कोणी पूर्ण पुस्तक देणार असेल, तर आधी एकच पान स्कॅन करून घ्यावे आणि त्यातले अनुस्वार मोजावेत.

शिवणीजवळ वाकलेल्या ओळी काचेवर दाबून धराव्या लागतात, हे आधी सांगायला हवे होते. ‘गुऱ्हाळ’ बहुतेक ठिकाणी ‘गुर्हाळ’ असे आले. ते शोधा-बदला करून एका फटक्यात सुधारता आले. काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, मापांचे कोष्टक मात्र इतके विस्कटले की ते मी हातानेच टंकित केले. अनुस्वार परत आल्यावर आजोबांचे ‘नाहीं’ही परत आले. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे ठाऊक असूनही मी ते काढले नाहीत; त्यांच्यासाठी चार खेपा घातल्या होत्या.