जांभूळ थांबत नाही

पुणे, रविवार, १५ जून २०२५

यंदाच्या पावसाने सगळ्यांचेच वेळापत्रक विस्कटून टाकले. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याकडे डोळे लावून बसावे लागते. या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात येऊन थडकला आणि रोपे करण्यासाठी झाडांच्या बिया गोळा करण्याची जी कामे मी महिनाअखेरपर्यंत निवांत उरकणार होते, ती चिखल तुडवत, छत्री मानेत अडकवून करावी लागली. वावळाच्या पापड्या, म्हणजे त्याच्या चपट्या, पंखवाल्या बिया, तेवढ्या वेळेत मिळाल्या, कारण त्या उन्हाळी वाऱ्यावरच झडतात; पळसाच्या शेंगा मात्र बऱ्याच भिजल्या. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, त्यामुळे शेंग कुजली की एक झाड गेले, असा हिशेब मनात लगेच सुरू होतो. बँकेतली नोकरी संपली तरी हिशेबाची खोड काही गेली नाही.

निवृत्तीनंतर सल्ल्यांना तोटा नसतो. आता स्वतःसाठी जगा, ध्यान करा, आयुष्याचे ध्येय शोधा, असे मला सांगणाऱ्यांत माझ्यापेक्षा निम्म्या वयाची माणसेही होती. एका मैत्रिणीने सुंदर बांधणीची वही आणून दिली आणि रोज रात्री तीत तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहायला सांगितली. मी काही दिवस नेमाने लिहिले. प्रकृती ठीक आहे, मुलगी सुखात आहे, सकाळचा चहा गॅलरीत बसून पिता आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या जागी पाऊस. त्या वहीत खोटे काहीच नव्हते, पण कोणाचे काही देणे लागते आहे असे ती वाचून मला कधी वाटले नाही, आणि देणे वाटल्याशिवाय कृतज्ञतेला हातपाय फुटत नाहीत, असे माझे मत झाले आहे. ती वही आता पेरणीच्या नोंदींसाठी वापरते. मैत्रिणीला हे अजून सांगितलेले नाही.

बियांचा नाद लागला तो आमच्या इमारतीचे जिने झाडणाऱ्या मावशींमुळे. रस्त्याकडेच्या बहाव्याखाली पडलेल्या शेंगा मी पिशवीत भरत होते आणि त्या झाडू टेकवून बघत उभ्या होत्या. "ताई, ह्ये असं नुसतं पुरून काय उगवायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातली शेंग घेऊन त्यांनी ती पायरीच्या काठावर आपटली. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळपट आणि कडक असते. ती फुटली की आत नाण्यांच्या चवडीसारखे पातळ पडदे दिसतात, आणि दर दोन पडद्यांच्या मध्ये काळ्या, चिकट, गोडसर उग्र वासाच्या गरात एकेक तपकिरी बी बसलेले असते. ते बी इतके टणक की तसेच मातीत घातले तर बराच काळ ढिम्म हलत नाही, कारण कवचातून पाणी आत शिरतच नाही. मावशींनी एक बी चिमटीत धरून खरबरीत फरशीवर घासले, त्याची एक कड फिकट होईपर्यंत, आणि माझ्या तळहातावर ठेवले. पुढे मी उकळते पाणी विस्तवावरून उतरवून त्यात बिया रात्रभर ठेवायची पद्धतही करून पाहिली. सकाळी काही बिया टपोऱ्या फुगलेल्या असतात आणि काही जशाच्या तशा. फुगलेल्या पेरायच्या, उरलेल्यांवर पुन्हा गरम पाणी. पण फरशीवर घासलेल्या बियांची उगवण मला अधिक भरवशाची वाटते. वेळ लागतो, बोटे दुखतात, तरी तीच पद्धत मी धरून ठेवली आहे.

मावशी मूळच्या मुळशीकडच्या. त्यांचा माझा परिचय जुना, पण तो दिवाळीची भेट, कधी जुनी साडी, कधी उरलेला शिरा एवढ्यावर होता, आणि त्या देण्यात मी स्वतःला बऱ्यापैकी दयाळू समजत असे. देणाऱ्याचा हात वर असतो, आणि वर असणे सुखाचेही असते. आता दुपारी आम्ही दोघी इमारतीमागच्या चिंचोळ्या पट्ट्यात शेडनेटखाली बसतो, मी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांना खालून भोके पाडते, त्या पोयटा, म्हणजे गाळाची माती, आणि शेणखत कालवतात, आणि पिशवीत माती किती दाबायची हे त्या मला सांगतात. फार दाबली तर पाणी वरच साचते आणि सैल भरली तर रोप काढताना मुळाभोवतीचा गड्डा फुटतो. या बसण्यात वर-खाली फारसे उरलेले नाही. त्यांना या कामाचा मोबदला देण्याचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी तो घेतला, अजिबात आढेवेढे न घेता, आणि ते मला बरे वाटले. प्रेमाखातर केलेले काम फुकट असावे हा आग्रह बहुधा पोट भरलेल्यांचाच असतो.

खरे तर मला लिहायचे आहे ते बियांच्या वेळेबद्दल. प्रत्येक झाडाची घाई वेगळी असते. जांभळाची बी सुकली की मेली. फळ खाऊन झाले की एक-दोन आठवड्यांत तिला माती मिळालीच पाहिजे, आणि मिळाली तर एकाच बीतून कधी दोन, कधी तीन कोंब वर येतात. निंबोळीचेही तसेच, पिवळी होऊन पडली की गर धुऊन ताजी पेरावी, डब्यात घालून पुढच्या वर्षासाठी ठेवलेली बहुतेक वाया जाते. याउलट सागाच्या फळांना दिवसामागून दिवस कधी पाण्यात, कधी उन्हात असे आलटून-पालटून ठेवले तरच ती मनावर घेतात. धावड्याच्या बहुतेक बिया पोकळच असतात, त्यामुळे तिथे मूठभर पेरून एखाद-दुसरे रोप मिळाले तरी त्यात आनंद मानावा लागतो. आणि उंबराच्या बाबतीत आपण बाजूलाच राहिलेले बरे, कारण पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून गेलेली त्याची बी भिंतीच्या भेगेतही रुजते आणि मग तिला तिथून काढणे अवघड होऊन बसते.

हे सगळे कळत गेले तसे माझे आठवडे बदलत गेले. ध्येय नावाची मोठी गोष्ट कुठेतरी वाट बघत उभी आहे आणि आपण ती हुडकायची, अशी कल्पना मी बरेच दिवस बाळगून होते. प्रत्यक्षात झाले ते इतकेच की ज्यांना थांबता येत नाही अशा काही गोष्टी माझ्या जिम्म्यावर आल्या. टोपलीत जांभळाच्या बिया धुऊन ठेवलेल्या असताना उद्या बघू असे म्हणता येत नाही, आणि झारीने पाणी घालायचे असेल तर डोके दुखत असले तरी उठावे लागते. उठले की बरेच वेळा डोके दुखायचे थांबतेही, पण तो भाग वेगळा.

मावशींच्या गावाला लागून देवराई आहे. तिथली बी आणता येईल का, असे मी गेल्या वर्षी विचारले होते, कारण जुन्या, मोठ्या, निरोगी झाडांची बी उत्तम, हे मी वाचले होते. त्या ठाम नाही म्हणाल्या. "ते देवाचं हाय. काटकी सुदीक उचलत न्हाईत." १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा एरवी उघड्या पडलेल्या डोंगरांवर या राखलेल्या तुकड्यांत जुने जंगल कसे टिकून राहिले, हे त्यांनी नोंदवले. ती राखण कोणत्याही वनअधिकाऱ्याने नव्हे, तर या न उचललेल्या काटकीने केली आहे. उपकार मानायचे तर काहीतरी परत केले पाहिजे, अशी माझी हिशेबी समजूत होती. हात न लावणे हीसुद्धा परतफेड असते, हे मला मावशींच्या नकारातून समजले. आम्ही बी गोळा करतो ती रस्त्याकडेच्या, शाळांच्या आवारातल्या आणि टेकडीच्या पायथ्याच्या झाडांखालून.

टेकडीचा विषय निघाला म्हणून लिहिते. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी लावलेली गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडे हिरवी दिसतात खरी, पण ते झाड मध्य अमेरिकेतले, आणि त्याच्याखाली इथले गवत-झुडूप फारसे वाढत नाही. हिरवे दिसले की काम झाले असे मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बीजगोळे, म्हणजे बी घालून वळलेले मातीचे गोळे, भिरकावण्याच्या उत्साहाबद्दलही माझे मत फारसे चांगले नाही. खडकावर पडलेल्या गोळ्यातून कोंब आला तरी पहिल्या उन्हाळ्यात त्याला कोण विचारणार? आमच्याकडे रोप मागायला कोणी आले की मी एवढेच विचारते, मार्च ते मे पाणी कोण घालणार. उत्तर नीट मिळाले तर रोप फुकट, नाही मिळाले तर चहा घेऊन जावे. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा चहा घेऊन गेला आणि आठवड्याने आजोबांना घेऊन परत आला, कारण पाणी आजोबा घालणार होते. त्यांना करंज दिला. करंज उगवायला आणि तगायला सोपा.

यंदाच्या लवकर आलेल्या पावसाने मावशींच्या भावाची धूळवाफेवरची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायची, भाताची पेरणी हुकली आणि आता चिखलात रोपे कशी करायची याची चिंता त्यांच्या घरी आहे. त्या आषाढात लावणीसाठी गावी जातील, तेव्हा बांधावर लावायला गेल्या वर्षीची जांभळाची रोपे बरोबर नेणार आहेत. एसटीत ती कशी न्यायची, यावर आमची चर्चा अजून संपलेली नाही. आज धुतलेल्या बियांसाठी पोयटा कमी पडतो आहे, तो उद्या सकाळी आणायला हवा. शिवाय मागच्या पट्ट्यात दुचाकींसाठी जागा करण्याचा विषय सोसायटीत पुन्हा निघाला आहे. पुढच्या रविवारी सभा आहे. मी जाणार आहे, आणि रोपांबद्दल माझ्यापेक्षा नीट बोलता येते म्हणून मावशींनाही या म्हटले आहे.