मालवणातला पाऊस आणि माझ्या आधी खेळणारा माणूस

जुलैत मालवणला कोण जातं असं घरी सगळ्यांनी विचारून झालं, पण मला तो रिकामा किनाराच बघायचा होता. कुडाळला उतरलो, एसटी पकडली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यामुळे बंद, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते म्हणून बंदरावर पण सामसूम, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या.

दुसऱ्या दिवशी भरड नाक्याजवळ असा पाऊस लागला की एका जिन्यात आडोशाला थांबलो तर वरून बॉलांचा खडखडाट. वर पूलचं, म्हणजे काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळाचं, एकच टेबल, चार जण. त्यातले वयाने मोठे काका होते ते बघून म्हणाले, "येवा, खेळूक येवा, पाचवो होयोच होतो."

मी आत्तापर्यंत पूल दोघांतच खेळलेला, हरणारा टेबलचं भाडं देतो, संपलं. इथे पाच जण आणि प्रत्येकासमोर काडेपेटीतल्या वीस काड्या. खेळ नाइन बॉलच, म्हणजे एक ते नऊ नंबरचे बॉल, पांढरा बॉल टेबलवरच्या सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागला पाहिजे, आणि बॉल पॉकेटमध्ये गेला की पुढचा शॉट तुमचाच. पण काड्या फक्त दोन बॉलांवर, पाच नंबर घातला की बाकी चौघं एकेक काडी देणार, नऊ नंबरला दोन दोन. म्हणजे एका डावात दोन्ही घेतले तर बारा काड्या! शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी तो टेबलचे पैसे भरणार. बाहेर याला रिंग गेम म्हणतात, अमेरिकेत डर्बी सिटी क्लासिक या पूलच्या स्पर्धेत मोठे मोठे प्लेअर खऱ्या पैशांवर खेळतात.

मला आधी वाटलं चांगला नेम असला की झालं. पण दोन डावांत कळलं की सगळा खेळ तुमच्या आधी कोण खेळतो यावर आहे. माझ्या आधी होता बंदरावरचा एक पोरगा, त्याचा हात इतका साफ की चुकायचाच नाही आणि माझी पाळी यायची तेव्हा टेबलवर काही उरलेलंच नसायचं, चार डावांत माझ्या अकरा काड्या गेल्या. मग पाळीचा क्रम ठरवायला परत चिठ्ठ्या काढल्या आणि माझ्या आधी आले काका, ते पाच नंबर पॉकेटच्या तोंडाशी ठेवून चुकायचे आणि तो मला आयता. माझा खेळ तोच होता हो, फक्त जागा बदलली.

म्हणूनच ते दर चार डावांनी चिठ्ठ्या काढतात आणि मला ते शंभर टक्के पटलं. दोन दोस्त शेजारी शेजारी बसले तर एकाने मुद्दाम चुकायचं, दुसऱ्याने घ्यायचं आणि नंतर वाटून घ्यायचं, बाकीच्यांना कळणार पण नाही. सेफ्टीला, म्हणजे पुढच्याला नीट मारताच येऊ नये असा पांढरा बॉल लपवून ठेवण्याला पण बंदी, "हय लपवूचा नाय, मारूचाच". दोघांत सेफ्टी म्हणजे डोकं लावणं, पण पाच जणांत तुम्ही ज्याला अडकवता तो फाऊल करणार आणि त्याच्या पुढच्याला पांढरा बॉल हातात मिळणार, हवा तिथे ठेवून मारायला, ज्याने काहीच केलेलं नाही त्याला.

आणि खरं तर पूल या नावातच ही वर्गणी आहे, सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशाला पूल म्हणायचे. जुन्या लाइफ पूल नावाच्या पैसे लावायच्या खेळात प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बॉल आणि तीन जीव असायचे. १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्नूकर निघालं ते असल्याच खेळांतून. म्हणजे आपण आज दोघांत खेळतो त्या स्नूकरचं मूळ बऱ्याच जणांनी मिळून पैसे लावण्यात आहे, हे मला फार भारी वाटतं.

संध्याकाळी माझ्याकडे तेवीस काड्या होत्या. काकांकडे तीन. मी म्हटलं टेबलचे अर्धे मी देतो, तुमच्यामुळेच मिळाल्यात, तर काका चिडले, पैसे काढून काउंटरवर ठेवले आणि चिठ्ठ्यांचा डबा परत हलवला. बाहेर पाऊस थांबला होता, कोणी उठलं नाही.