नवऱ्याला पहिल्यापासून सगळं माहीत असतं

स्पॉयलर आहेत, आणि सगळ्यात मोठा स्पॉयलर तर टायटलमध्येच टाकलाय, पण माझ्या मते इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीचा जर्मन पिक्चर ‘आंग्स्ट’ (म्हणजे ‘भीती’, १९५४) शेवट माहीत असताना बघितला तर जास्त अंगावर येतो. माहीत नसेल तर तो एक बऱ्यापैकी ब्लॅकमेलचा पिक्चर वाटतो, बाई घाबरलीये, पैसे देतेय, अजून घाबरतेय. माहीत असेल तर तुम्ही पूर्ण वेळ त्या नवऱ्याकडे बघत बसता.

गोष्ट म्युनिकची. इरेने वाग्नर म्हणजे इंग्रिड बर्गमन. नवरा शास्त्रज्ञ, स्वतःची औषधांची फॅक्टरी, युद्धात तो कैदेत असताना फॅक्टरी हिनेच चालवली, आणि आता तो परत आलाय, लॅबमध्ये जनावरांवर विषाचे प्रयोग करतोय आणि धंदा अजूनही हीच सांभाळतेय. मधल्या काळात तिचं एरिक नावाच्या माणसाशी प्रकरण झालंय जे तिला आता संपवायचंय, आणि नेमकं तेव्हाच त्या एरिकची आधीची मैत्रीण योहाना दारात उभी राहते, पैसे दे नाहीतर नवऱ्याला सांगते. मग पैसे, मग अंगठी, मग अजून पैसे, इरेनेचा जीव टांगणीला. आणि शेवटी कळतं की योहानाला हे सगळं करायला लावणारा नवराच आहे, बायकोने स्वतःच्या तोंडाने कबूल करावं म्हणून.

नाक दाबलं की तोंड उघडतं, एवढीच त्या शास्त्रज्ञ नवऱ्याची थिअरी. फक्त ती लग्नावर वापरलीये.

मूळ कथा ऑस्ट्रियन लेखक श्टेफान त्स्वाइगची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची आणि व्हिएन्नातली. तिथे नवरा वकील, बायको घरात बसून कंटाळलेली, प्रियकर पियानो वाजवणारा. वकिलाने उलटतपासणी करावी हे ओघाने आलंच म्हणा. रोसेलिनीने वकिलाचा शास्त्रज्ञ केला आणि कंटाळलेल्या बाईच्या हातात फॅक्टरी दिली, आणि तिथेच पिक्चर थेट १९५४ च्या जर्मनीत येऊन बसला. कारण त्या देशात तेव्हा अशी घरं ढिगाने होती, पुरुष सैन्यात नाहीतर कैदेत, बायकांनी वर्षानुवर्षं सगळं ओढलेलं, आणि मग नवरा परत येतो आणि पुन्हा घरातल्या खुर्चीत बसतो. कायदाही त्याच्याच बाजूने होता, संसारातल्या बाबतीत नवऱ्याचा शब्द शेवटचा ही तरतूद पश्चिम जर्मनीत १९५८ ला गेली, व्यभिचार १९६९ पर्यंत गुन्हा होता, आणि घटस्फोटात चूक कोणाची हे कोर्ट ठरवायचं ते १९७७ पर्यंत. म्हणजे इरेने घाबरते ती उगाच नाही. मुलं, इज्जत, फॅक्टरी, सगळंच जाऊ शकतं. पिक्चरमध्ये कायद्याबद्दल कोणी भाषण देत नाही पण हे डोक्यात ठेवून बघा.

सगळ्यात भयंकर सीन ब्लॅकमेलचा नाहीये. वाग्नरांची मुलं गावाकडच्या घरात राहतात, आईबाप तिथे भेटायला जातात, आणि मुलाची छऱ्याची बंदूक गायब होते. ती लपवलीये बहिणीने. बाप ओरडत नाही, मारत नाही, शांतपणे एकेक प्रश्न विचारत त्या पोरीला कोपऱ्यात घेत जातो, आणि इरेने बघतेय. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे प्रत्येक प्रश्न तिला स्वतःलाच विचारल्यासारखा वाटतो. आणि तुम्हाला माहीत असतं की तो खरंच तिलाच विचारतोय! पोर शेवटी रडते, कबूल करते, आणि बाप लगेच प्रेमळ होतो. मला त्या प्रेमळपणाचाच राग आला. नवरा झालेला माथियास वीमान हे काम इतक्या साळसूदपणे करतो की त्याला धड व्हिलनही म्हणता येत नाही.

बर्गमनची आई जर्मन, त्यामुळे जर्मन तिला परकी नव्हती, १९३८ मध्ये तिने जर्मनीत एक पिक्चरही केला होता. इथे ती कोट घालून अंधाऱ्या रस्त्यांवरून गाडी चालवते, ऑफिसमध्ये सफाईने ऑर्डर सोडते, आणि दोन मिनिटांनी त्याच चेहऱ्यावर घाम. शेवटाकडे रात्री ती रिकाम्या लॅबमध्ये जाते, चहूबाजूंनी काच आणि पिंजरे, आणि ती विष घ्यायला आलेली. फार काही बोलणं नाही.

आणि मग नवरा धावत येतो, दोघं मिठी मारतात, माफ कर वगैरे, संपला. अरे?? ज्या माणसाने बायकोला आत्महत्येपर्यंत नेलं त्याला एका मिठीत सोडून दिलं? इटलीत नंतर याचंच वेगळं एडिटिंग करून ‘नॉन क्रेदो प्यू अल्लामोरे’ म्हणजे ‘प्रेमावर माझा विश्वास उरला नाही’ अशा नावाने काढला, त्यात ती नवऱ्याला सोडून मुलांकडे जाते. ते डोक्याला पटतं. पण जर्मन शेवटात बर्गमनचा चेहरा बघा, मिठीत आहे पण सुटल्यासारखी वाटत नाही, निदान मला तरी.

बर्गमन आणि रोसेलिनी खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको, आणि पडद्यामागे यांचं लग्नही तेव्हा ढासळतच होतं. तिने दुसऱ्या दिग्दर्शकांकडे काम करू नये असा रोसेलिनीचा हट्ट, आणि दोघांचे पिक्चर एकामागून एक पडत होते. ‘आंग्स्ट’च्या आसपासच ही जोडी कामातून संपली. मग ती ‘अनास्तासिया’ करून हॉलिवुडला परतली, ऑस्करही मिळालं, आणि रोसेलिनी डिसेंबर १९५६ मध्ये पिक्चर काढायला भारतात आला, मुंबईत ताजमध्ये उतरला, आणि सोनाली दासगुप्तांबरोबरच्या त्याच्या प्रकरणाने १९५७ मध्ये पेपरवाल्यांची चंगळ झाली. सोनाली विवाहित, तिचा नवराही फिल्ममेकर. संशयाचा पिक्चर काढणाऱ्या माणसाच्या मागेच पत्रकार हेरासारखे फिरत होते.

शोधताना जर्मन व्हर्जनच बघा, इंग्रजीतही शूट केलेलं आहे पण मला जर्मनच भावलं. दीड तासाच्या आत संपतो. आणि तो बंदुकीचा सीन झाला की थोडं मागे जाऊन फक्त बर्गमनकडे बघत परत लावा.