यंदा नाव नाही, वय विचारायचं: चिखलकाठाची वही, तिसरा हंगाम

गेल्या दोन हंगामांत माझ्या वहीत चिखलावर उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची नुसती नावं आणि आकडे होते. छोटे टिलवे इतके, ठिपकेवाल्या तुताऱ्या इतक्या, हिरवी तुतारी एक. यंदा जुलै संपताना ठरवलं की नवीन प्रजातींच्या मागे लागायचं नाही. एकच तळं, त्याचा एकच चिखलकाठ, आणि समोर येणाऱ्या प्रत्येक पक्ष्याबद्दल एकच प्रश्न: हा यंदा जन्मलेला, की जुना? आता चार महिने झाले. हाती लागलं ते मांडते.

सुरुवात छोट्या टिलव्यापासून केली. चिमणीच्या वजनाचा पक्षी, फारसा बुजत नाही, आणि एका जागी शांत बसलं तर चिखल टोचत टोचत आपल्याच दिशेनं येतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जे आले ते सगळे प्रौढ. दुर्बिणीतून मळकट दिसायचे. विणीच्या हंगामातल्या तांबूस कडा झिजून गेलेल्या, मधूनच एखादं नवं राखाडी पीस, त्याच्या शेजारी जुनं विटलेलं. पाठीवर ठिगळं लावल्यासारखा प्रकार.

ऑगस्टच्या अखेरीस पहिलं पिल्लू दिसलं. ‘पिल्लू’ म्हणते, पण आकारानं ते प्रौढाएवढंच असतं. पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, मागे जुळून व्हीसारखा आकार करणाऱ्या. प्रत्येक पिसाला स्वच्छ कड, कुठेही झीज नाही. पुस्तकात या पांढऱ्या व्हीवरच भर असतो आणि मीही आधी तोच शोधत होते. पण पक्षी तिरका उभा असला, वारा असला, की तो व्ही दिसत नाही. मला खरी उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट: पिसाऱ्याचा एकसारखेपणा. पिल्लाची सगळी पिसं काही आठवड्यांत एकदमच उगवलेली असतात, म्हणून सगळ्यांचं वय एक. प्रौढाच्या अंगावर वेगवेगळ्या महिन्यांतली पिसं एकत्र नांदतात. रंग विसरून फक्त ‘हे कापड एकाच ताग्यातलं आहे का’ एवढं बघायला लागले आणि नोंदी भराभर होऊ लागल्या. ठिपकेवाल्या तुतारीलाही हेच लागू पडतं. पिल्लाच्या पाठीवरचे ठिपके ओळीत बसवल्यासारखे नीटस, प्रौढाचे ऑगस्टपर्यंत झिजून अर्धेमुर्धे उरलेले.

त्या पहिल्या पिल्लापाशी मी बराच वेळ बसले. त्याच्याबरोबर त्याचे आईबाप नव्हते, आणि असणारही नव्हते. टिलवे टुंड्रात, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या वृक्षहीन थंड माळांवर, जमिनीवर साधारण चार अंडी घालतात. निमुळती टोकं आत वळवून ती अशी रचलेली असतात की चारही अंडी एका पोटाखाली मावतात. मादी बरेचदा दोन ठिकाणी अंडी घालते, एक घरटं नर सांभाळतो आणि दुसरं ती. पिल्लं अंड्यातून निघाली की अंग वाळताच चालू लागतात आणि स्वतःच टिपून खातात. त्यांना ऊब आणि राखण हवी असते, घास नको असतो. ती उडू लागण्याच्या सुमाराला मोठे पक्षी दक्षिणेची वाट धरतात. पिल्लं मागे राहतात, अंगावर चरबी चढवतात आणि काही आठवड्यांनी निघतात. वाट दाखवणारं जाणतं कोणी सोबत नसतं. माझ्या वहीतलं ऑगस्टच्या सुरुवातीचं आणि अखेरचं अंतर म्हणजे हेच. दोन वर्षं मी ते आकड्यांखाली गाडून ठेवलं होतं.

इथे एका गॉडविटची, म्हणजे लांब चोचीच्या अशाच एका चिखलपक्ष्याची, आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून निघून थेट टास्मानियात उतरला. सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, वाटेत कुठेही न थांबता. तो होता जेमतेम पाच महिन्यांचा, आणि हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रवास होता. या जातीचे पक्षी निघण्याआधी अंगात प्रचंड चरबी साठवतात आणि जठर, आतडी असे अवयव आकसून घेतात, म्हणजे वजनाचा भार कमी. हे सगळं पाच महिन्यांच्या जिवाला कोणी शिकवलं नाही.

सप्टेंबरमध्ये एक चूक झाली, ती लिहून ठेवते. कोणाच्याही हातून होईल अशी आहे. एक टिलवा फिकट पायांचा दिसला आणि मी त्याला टेमिंकचा टिलवा म्हणून नोंदवलं. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर, एवढ्यावर विसंबले. पक्षी पाण्यात शिरला, बाहेर आला, तर पाय काळेभोर! वाळलेल्या चिखलानं ते फिकट झाले होते. तेव्हापासून पाय सगळ्यात शेवटी बघते. आधी छाती (टेमिंकची सलग राखाडी-तपकिरी, छातीवर पट्टा ओढल्यासारखी), मग उडताना शेपटीच्या कडा (टेमिंकच्या स्वच्छ पांढऱ्या), मग चाल. टेमिंकचा टिलवा काठच्या गवताच्या आडोशानं, जरा वाकून, सावकाश टिपतो. छोट्याला असा धीर नाही, त्याची चोच शिवणयंत्रासारखी चालते.

ऑक्टोबरमध्ये उडत्या थव्यातही वय सांगता येऊ लागलं. प्रौढ इथे पोहोचल्यावर पंखांची मोठी पिसं बदलतात, त्यामुळे पंख पसरला की मध्येच खाच दिसते. पिल्लं शरद ऋतूत ही पिसं बदलत नाहीत, त्यांचा पंख अखंड. थवा वळताना एखाद्या क्षणापुरतंच हे दिसतं. कॅमेऱ्यात सलग फोटो घ्या आणि घरी मोजा. जागेवर मोजायचा मी प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

आता कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे बाकदार चोचीचा, टिलव्याच्याच कुळातला पक्षी. माझ्या काठावर ते थोडेच उतरतात, पण या वर्षी सगळ्यात जास्त विचार करायला त्यांनीच लावलं. प्रौढांच्या पोटावर विटकरी लाल रंगाचे डाग उरलेले. पिल्लांची छाती पिकल्या जर्दाळूच्या फिकट झाकेची आणि पाठीवर नाजूक खवले. सायबेरियात जिथे हे वीण करतात तिथे लेमिंग नावाचे छोटे उंदरासारखे प्राणी असतात. ज्या वर्षी लेमिंग मुबलक, त्या वर्षी आर्क्टिक कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि घरटी वाचतात. लेमिंग घटले की कोल्हे अंडी-पिल्लांकडे वळतात. मग त्या शरदात थव्यांत पिल्लं जवळपास दिसतच नाहीत. म्हणजे चिखलातल्या दहा पक्ष्यांत पिल्लं किती हे मोजणं म्हणजे हजारो किलोमीटर दूरच्या उन्हाळ्याचा निकाल वाचणं. ऑस्ट्रेलियातले वेडर (म्हणजे चिखलात-उथळ पाण्यात चरणारे असे पक्षी) अभ्यासगट हेच मोठ्या प्रमाणावर करतात. जाळ्यात आलेल्या पक्ष्यांत पहिल्या वर्षाचे किती, याची टक्केवारी ते वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत.

मात्र पिल्लं कमी दिसली की लगेच ‘प्रजाती संकटात’ असा निष्कर्ष काढू नका. एक वाईट उन्हाळा हे पक्षी सोसतात, कारण प्रौढ बरीच वर्षं जगतात. घात होतो तो प्रौढ परतेनासे झाले की. चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पिवळ्या समुद्राकाठी नेमकं तेच घडलं. दक्षिण कोरियात सेमांगम इथे ३३ किलोमीटरचा समुद्रबांध २००६ मध्ये पूर्ण झाला आणि भरती-ओहोटीचं विशाल चिखलमैदान तुटलं. स्थलांतराच्या वाटेवर हजारोंच्या संख्येनं तिथे थांबणारे ग्रेट नॉट जातीचे वेडर दिसेनासे झाले. ते जवळच्या दुसऱ्या किनाऱ्यांवर सरकले असतील अशी आशा होती, पण तिथे त्यांची भर पडलेली आढळली नाही. म्हणून माझ्या वहीत आता दोन वेगळे रकाने आहेत: प्रौढ किती आले, पिल्लं किती आली. दोन्ही मिळून एक आकडा लिहायचं मी बंद केलं आहे.

नोव्हेंबरपासून काम अवघड झालं आहे. पिल्लंही राखाडी हिवाळी पिसारा चढवतात, पाठीवरचा व्ही जातो, आणि लांबून सगळे टिलवे एकसारखे होतात. पंखांवरच्या छोट्या पिसांत पिल्लपणाच्या फिकट कडा काही दिवस टिकतात, पण त्यासाठी पक्षी फार जवळ यावा लागतो. तेव्हा मार्चपर्यंत फक्त आवाज आणि चाल यांच्या नोंदी. हिरवी तुतारी उडताना तिच्या पंखाखालचा काळपट रंग आणि ठिपकेवालीच्या पंखाखालचा फिका रंग मला आता एका दृष्टिक्षेपात कळतो, पण दोघींच्या हाकेत अजून गल्लत होते.

मे महिन्यात पुन्हा काठावर बसायचं आहे. मोठ्या वेडर्समधले पहिल्या वर्षाचे बरेच पक्षी तो उन्हाळा उत्तरेला जातच नाहीत, इथेच थांबतात. थवे निघून गेल्यावर चिखलावर कोण उरतं, तेवढंच मोजायचं.