आठ फुटांचा सूर

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दर जानेवारीत असतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ हे सगळं होतंच. पाहुणा जळगावचा असला तर बालगंधर्व लहानपणी जळगावात मेहबूब खाँकडे गाणं शिकले हे तो आम्हाला सांगतो. बाहेरचा असला तर आम्ही त्याला सांगतो. तेवढं उरकलं की मी खुर्ची पुढं ओढून घेतो, कारण आता ऑर्गनवरची खोळ निघणार असते.

हा पायाचा ऑर्गन, एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून शाळेकडे आलेला. आमचे संगीताचे सर ऐंशीच्या घरात आहेत. धोतर सावरून बसतात, काही न वाजवता दोन्ही पाय चालवतात, आणि भाता भरला की बोलायला लागतात. दरवर्षी तेच बोलतात, मलाही दरवर्षी तेच ऐकायचं असतं. हातपेटी वारा बाहेर ढकलते, हा अमेरिकन ऑर्गन वारा आत ओढतो, म्हणून याचा आवाज मऊ. मग पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला बोलावून आवाज निवडायची खुंटी दाखवतात. तिच्या पांढऱ्या तोंडावर ८ चा आकडा. आठ काय? आठ फूट! चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्या वाजतात आणि सगळ्यात खालच्या पट्टीची नळी आठ फूट लांब असते. आपल्या पेटीत नळी कुठली, आत पितळी सूर आहेत, म्हणजे वाऱ्यानं थरथरणाऱ्या पात्या; आकडा तेवढा तिकडून आलाय. पोरगं छताकडं बघून आठ फूट मोजतं.

"हिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही म्हणून रेडिओनं १९४० साली पेटीला बाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत," सर म्हणतात. "मींड येत नाही, खरं आहे. आता ऐका."

शेवटी भैरवी. षड्जावर बोट तसंच राहतं, पाय थांबतात, आणि भात्यात उरलेल्या वाऱ्यावर सूर बारीक बारीक होत जातो. नेमका कधी संपला ते मला एकदाही कळलेलं नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी "जेवायला चला" म्हणतो.

अहवालात मी उपस्थिती दीडशे लिहितो. गेल्या वर्षी भैरवीला डोकी मोजली, सत्तावीस. भरिताला मात्र ताटं कमी पडली. पुण्याला स्थायिक झालेले तर व्हॉट्सॲपवर अंगठे पाठवून मोकळे होतात. चिटणीस म्हणून मी हे बोलू नये, पण बोलतो.

आभारात माझी धांदल उडते. बामणोदची वांगी आणणारे, पहाटे काड्यांवर ती भाजणारे, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या वहिनी, माइकवाला, सतरंज्या झटकणारी दहावीची पोरं. धुळ्याहून एसटीनं येऊन बारीक कानशीनं सूर लावून देणारे काका. आणि उंदरानं भात्याचं चामडं कुरतडलं त्या वर्षी दुकान बंद ठेवून ठिगळ लावणारा चपलांचा कारागीर. त्या दिवशी ऑर्गनला नुसती धाप लागत होती. आमचे शिपाई मामा धावत आले, "काय व्हयनं?" म्हणत थेट मागं शिरले, आणि भोक त्यांनीच शोधलं. मामांना विसरलो तर मंडळ मला सोडणार नाही.

विसरलो ते वेगळ्याच माणसाला. जुन्या पडद्यातून ऑर्गनची खोळ शिवून दिली ती शाळेसमोरच्या शिवणकामवाल्या मावशींनी, एक पैसा न घेता. गेल्या वर्षी त्यांचं नाव माझ्याकडून राहिलं. त्या जेवायला थांबल्या नाहीत. नंतर भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "माले कोन इचारस?"

यंदाच्या चिठ्ठीत त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलंय, सरांच्याही वर. म्हटलं आधी सरांना दाखवावं. त्यांनी चष्मा चढवून चिठ्ठी पूर्ण वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे. खोळ मागून उसवलीये, तेही सांग त्यांना."