आज इंजिन मनासारखं वाजलं!

मित्राने मॉडेल विमानासाठी नवीन ४६ साइजचं (०.४६ घन इंच) म्हणजे साधारण ७.५ सीसीचं ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर मिथेनॉल पेटवणारं छोटं इंजिन घेतलंय, आज सकाळी ते स्टँडवर बांधून रनिंग-इन केलं, म्हणजे नवीन भाग एकमेकांत बसेपर्यंत जपून चालवलं, आत्ताही हाताला फ्युएलमधल्या एरंडेलाचा वास येतोय आणि तो मला मनापासून आवडतो.

बरेच जण सांगतात की नवीन इंजिन टाक्याच्या टाक्या एकदम रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त फ्युएल देऊन चालवा. पिस्टनला रिंग असलेल्या इंजिनाला ठीक आहे, पण हे बिनरिंगचं एबीसी आहे, पितळी स्लीव्हला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) आतून क्रोम आणि पिस्टन अॅल्युमिनियमचा. थंड असताना वरच्या टोकाला पिस्टन घट्ट बसतो, तापल्यावर स्लीव्ह फुगते तेव्हा फिट बरोबर येतो, म्हणून थंडच चालवत ठेवलं तर उलट झीज होते. आम्ही छोटे छोटे रन घेतले, मधेच थोडं लीन (फ्युएल कमी) करून तापवायचं, परत रिच, मग बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं.

प्लगची १.५ व्होल्टची बॅटरी काढली तरी इंजिन चालूच राहतं ना, ते बघायला मला अजून भारी वाटतं. प्लगमधल्या प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची रिअॅक्शन होते आणि तीच तार लाल ठेवते, वर कॉम्प्रेशनची उष्णता!

शेवटी नीडल (फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवून वेग पीकला, म्हणजे कमाल आरपीएमला नेला आणि मग थोडं रिच करून दोन-तीनशे आरपीएम खाली आणला, नाक आभाळाकडे केलं तरी आवाज बसला नाही. आणि प्लीज, फिरत्या प्रॉपच्या (पंख्याच्या) समोर उभं राहून नीडल फिरवू नका, मागूनच फिरवा. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही हेही लक्षात ठेवा. उरलेलं फ्युएल काढून आतून गंज लागू नये म्हणून आफ्टर-रन ऑइल टाकलंय, रविवारी विमानात बसवतोय.