सरांचा हात

शनिवार, रात्री उशिरा

शोकसभेहून आले तेव्हा डोकं ठणकत होतं. सात वक्ते. चौघांनी सरांना दीपस्तंभ म्हटलं, दोघांनी चालतंबोलतं विद्यापीठ. एकाने तर छातीठोकपणे सांगितलं, की सरांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. मागच्या रांगेतले आम्ही जुने विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागलो. सरांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा ताठ बसायची!

आकडे मात्र सगळ्यांनी तेच सांगितले. 15 वर्षं फौजेत, 23 वर्षं शाळेत, निवृत्तीनंतर 18 वर्षं समाजकार्यात. बेरीज बरोबर आहे. मला सभाभर दिसत राहिला तो त्यांचा उजवा हात. आडदांड पंजा, तळव्यात मधोमध पडलेला घट्टा. हा घट्टा बंदुकीचाही नव्हता आणि खडूचाही. तो शेवटच्या अठरा वर्षांतला होता, आणि त्याबद्दल आज कुणी एक वाक्य बोललं नाही.

झोप येत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

सर फौजेत बिनतारी संदेशांच्या कामावर होते. वर्गात आम्ही युद्धाच्या गोष्टी मागायचो आणि ते आम्हाला मोर्स द्यायचे, टिंबं आणि रेघांनी संदेश पाठवायची लिपी. रेघ तीन टिंबांएवढी लांब. एका अक्षराच्या आत एका टिंबाएवढी उसंत, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी, दोन शब्दांमध्ये सात टिंबांएवढी. खेळाच्या तासाची शिट्टी घेऊन हे सगळं वाजवून दाखवायचे. एसओएस ही संकटात मदत मागायची खूण म्हणजे तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. त्या तीन अक्षरांचा काहीतरी लांबलचक अर्थ असणार अशी आमची खात्री होती. सर म्हणाले, अर्थ-बिर्थ काही नाही, लोकांनी तो मागाहून चिकटवला. 1906 साली बर्लिनच्या परिषदेत ही खूण ठरली, कारण ती कानाला चटकन ओळखू येते, बस्स. पुढचा आठवडाभर सगळा वर्ग शिट्ट्या मारत फिरत होता. सरांना बहुधा पश्चात्ताप झाला असावा.

पण त्या तासातली एक गोष्ट मनात रुतून बसली. ते म्हणाले, लिपी एवढी मोजूनमापून बांधलेली आहे, तरी प्रत्येक माणूस ती वेगळी वाजवतो. कुणाची रेघ जरा लांबते, कुणाला शब्द संपवायची घाई असते. कान तयार झाला की पलीकडच्याने नाव सांगायची गरज उरत नाही. 'हा अमक्याचा हात,' असं ते म्हणायचे.

वर्गातही त्यांनी तेच केलं. कुणी कुणाचं उतरवलंय ते वह्या न उलटता सांगायचे. आणि एकदा साफ चुकले. सहामाहीत माझ्या शेजारणीने माझं उत्तर उतरवलं होतं. सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'हा विचार तुझा नाही.' तासभर उभी होते. खूप वर्षांनी मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तर माफी राहिली बाजूला, उलट मलाच विचारलं, 'मग तेव्हा का नाही बोललीस?' आज सभेत हे आठवून पुन्हा रागच आला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला जमलं नाही.

रविवार

दुपारी सरांच्या घरी, काकूंकडे जाऊन आले. त्यांनी बोलावलं होतं. टेबलावर सगळं जसंच्या तसं होतं. ब्रेलची पाटी, टोचणी, जाड कागदांचा गठ्ठा आणि भूगोलाचं उघडं पुस्तक. म्हणाल्या, 'हे अर्धवट राहिलंय. मला यातलं काही कळत नाही. तू बघ.'

निवृत्तीनंतर सरांनी बरंच काही केलं. पुरात गेले, रक्तदान केलं. वयामुळे रक्त घेईनात तेव्हा त्याच शिबिरात नोंदी लिहायला बसले. ते सगळं सभेत सांगून झालंय. ब्रेलकडे ते वळले लेखनिक म्हणून. एका अंध मुलाचा पेपर लिहायला गेले आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, पोराला सगळं येतंय, पण त्याच्याकडे स्वतःचं पुस्तकच नाही. मग साठीत ब्रेल शिकले. बोटं काही वाचायला तयार होईनात, म्हणून शेवटपर्यंत डोळ्यांनीच वाचत राहिले. जिच्यासाठी हे भूगोलाचं पुस्तक चाललं होतं, ती मुलगी त्यांना चिडवायची, 'सर, तुम्ही बघून वाचता. ही कॉपी झाली.' सरांवर कॉपीचा आळ! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या.

मला पाटी शिकवली ती सरांनीच, चार वर्षांपूर्वी. कागद पाटीत अडकवायचा, टोचणीची मूठ तळव्यात धरायची आणि दाबायचं. तो घट्टा तिथला. टिंब उठतं कागदाच्या मागच्या बाजूला, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. मग पान उलटलं की ते डावीकडून सुलट वाचता येतं. सहा टिंबांची सगळी करामत. कोरं घर सोडलं तर 63 आकृती होतात आणि तेवढ्यात आपली बाराखडी, अंक, विरामचिन्हं सगळं बसवलेलं. मराठी ब्रेलमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. आपण ती अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या जागेवरच येते, अक्षराच्या मागून. सर म्हणाले होते, 'आयुष्यभर आपण चुकीच्या रांगेत उभी केली होती बघ तिला.'

लुई ब्रेलची गोष्टही त्यांनीच सांगितली. बाप घोड्यांची खोगीरं आणि कातडी सामान करणारा. तीन वर्षांचा असताना पोराच्या डोळ्यात बापाची आरी घुसली. संसर्ग पसरून दुसरा डोळाही गेला. पंधराव्या वर्षी, म्हणजे 1824 मध्ये, त्याने ही सहा टिंबं बसवली, आणि ती टोचायला हत्यार साधारण त्याच जातीचं. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, 'बोध काढत बसू नकोस. पान पुरं कर.'

एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात. पानं पुरी करता करता माणूस कधीतरी बोलतोच. एका संध्याकाळी सर बोलले, तेही न विचारता.

युद्धाचे दिवस. शेजारच्या चौकीवरून रोज रात्री ठरल्या वेळी संदेश यायचा. पाठवणाऱ्याला सरांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा हात मात्र पाठ होता. शेवटच्या अक्षराआधी तो किंचित थांबायचा, जणू दार लावण्यापूर्वी मागे वळून बघतोय. एका रात्री संदेश आला. वेळ तीच, संकेतनाव तेच, पद्धत तीच. हात दुसरा.

'मग?' मी विचारलं.

'मग काय. संदेश उतरवून घेतला. पोचल्याची खूण दिली.'

'आणि तो?'

सरांनी टोचणी पुढच्या घरात नेली. 'दुसऱ्या रात्रीपासून नव्या हाताची सवय केली,' एवढंच म्हणाले. काल सभेतल्या कुणालाच ही गोष्ट ठाऊक नसावी. काकूंनाही नव्हती. मी त्यांना सांगितली. त्या बराच वेळ पाटीवरून बोट फिरवत राहिल्या.

गठ्ठा घेऊन आलेय. मोजला. 41 छापील पानं बाकी आहेत.

मंगळवार

काल आणि आज मिळून दीडच पान झालं. हात भरून आलाय. सर दिवसाला चार पानं कशी काढायचे, देव जाणे. त्यांच्या जुन्या पानांवर बोट फिरवून बघितलं. टिंबं टणक, काही ठिकाणी तर दाब इतका की कागद फाटलाय. शेवटच्या दहा-बारा पानांवर ती हळूहळू बसकी होत गेलीत.

ही गोष्ट त्या मुलीने मला दोन महिन्यांपूर्वीच फोनवर सांगितली होती. 'ताई, सरांचा हात हलका झालाय.' मी म्हटलं, कागद बदलला असेल. तोपर्यंत सरांनी आजाराबद्दल कुणालाच काही सांगितलं नव्हतं. काकूंनासुद्धा नाही. आणि मी कागदाला दोष देऊन मोकळी झाले.

गुरुवार

तिला पहिली तीन पानं नेऊन दिली. सरांची शेवटची पानं वर आणि माझी खाली, असाच गठ्ठा होता. ती वाचत गेली. सरांचं शेवटचं पान संपलं, माझं पहिलं लागलं, आणि बोट थांबलं. परत मागच्या पानावर गेलं. परत पुढे आलं. मी श्वास धरून बसले होते. त्या चौकीचीच आठवण होत होती.

'ताई, केनारा म्हणजे काय?'

'काय?'

'नदीचा केनारा. तीनदा लिहिलंय.'

इ आणि ए ही ब्रेलमध्ये एकमेकांची आरशातली रूपं. उलटं लिहिताना मी नेमकी तिथेच घसरले होते. आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची आई बाहेर आली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, 'सरांनी सहाही टिंबं पाडायला लावून पुन्हा लिहून घेतलं असतं.' ब्रेलमध्ये चूक अशी खोडतात, सगळं घर टिंबांनी भरून. सरांना खाडाखोड खपत नसे. ते पानच नवं घ्यायचे.

'तुम्ही टिंबं घाबरत घाबरत पाडता,' ती पुढे म्हणाली. 'जरा जोरात दाबा. आणि पुढची पानं सोमवारपर्यंत द्या, मला नद्यांचा धडा संपवायचाय.'

घरी आल्यावर ते पान नव्याने लिहायला घेतलंय. पहिला शब्दच किनारा.